फ्रीडरिक फ्रोबेल

फ्रीडरिक विल्हेल्म ऑगस्ट फ्रोबेल (२१ एप्रिल १७८२ – २१ जून १८५२) हे जर्मन शिक्षणतज्ज्ञ आणि किंडरगार्टन या शिक्षणसंस्थेचे जनक होते. शाळेत जाण्याच्या वयापूर्वीची, म्हणजे साधारणतः तीन ते सहा या वयोगटातील मुले खेळातून शिकतात, आणि हे शिक्षण आपोआप होऊ देण्यापेक्षा जाणतेपणाने जोपासावे लागते, हा विचार त्यांनी मांडला. त्यासाठी त्यांनी साधने, गीते, खेळ आणि शिक्षिकांचे प्रशिक्षण अशी संपूर्ण पद्धती उभी केली. हयातीत त्यांच्या वाट्याला आर्थिक ओढाताण, उपेक्षा आणि अखेरीस सरकारी बंदी आली. आज मात्र त्यांनी घडवलेला शब्द जगातील अनेक भाषांत रूढ आहे.

बालपण

फ्रोबेल यांचा जन्म जर्मनीतील थुरिंजिया प्रदेशातील ओबरवाइसबाख या डोंगराळ खेड्यात झाला. वडील योहान याकोब हे ल्युथरपंथीय धर्मोपदेशक होते. आसपासच्या अनेक वस्त्यांची जबाबदारी त्यांच्याकडे असल्याने घराकडे लक्ष देण्यास त्यांना फारशी सवड मिळत नसे. फ्रीडरिक जेमतेम नऊ महिन्यांचे असताना आईचे निधन झाले. काही काळ त्यांचा सांभाळ नोकरमाणसे आणि थोरली भावंडे यांनीच केला.

१७८५ मध्ये वडिलांनी दुसरा विवाह केला. सावत्र आईने प्रारंभी मुलाला माया लावली; पण स्वतःचे अपत्य झाल्यावर तिचे वागणे बदलले. जर्मन घरांत मुलांना जिव्हाळ्याच्या एकेरी संबोधनाने हाक मारीत. ते सोडून ती फ्रीडरिक यांच्याशी परक्या माणसाशी बोलावे तसे तृतीय पुरुषात बोलू लागली. ही गोष्ट त्यांनी पन्नाशीकडे झुकतानाही आत्मचरित्रपर पत्रात नमूद केली आहे. लहान मुलाला शब्दांआधी वागणुकीतला बदल कळतो, या त्यांच्या पुढील काळातील ठाम मताचे मूळ या अनुभवात असल्याचे चरित्रकार मानतात.

वडिलांनी त्यांना मुलांच्या शाळेत न घालता गावातील मुलींच्या शाळेत पाठवले. मुलगा मंदबुद्धीचा असल्याची घरात समजूत होती. एकाकीपणात त्यांचा ओढा घराभोवतीची बाग, झाडे आणि डोंगर यांकडे वाढला. १७९२ मध्ये आईचे बंधू हॉफमन यांनी त्यांना श्टाटइल्म येथे आपल्या घरी नेले. मामांच्या घरी त्यांना प्रथमच विश्वासाची वागणूक, मोकळीक आणि समवयस्क सवंगडी मिळाले. तेथील सुमारे पाच वर्षे हा त्यांच्या बालपणातील सर्वांत सुखाचा काळ ठरला.

शिक्षण आणि भटकंती

१७९७ मध्ये त्यांना एका वनाधिकाऱ्याकडे उमेदवारीसाठी ठेवण्यात आले. त्या अधिकाऱ्याला शिकवण्यास वेळ नव्हता. त्यामुळे फ्रोबेल यांनी भूमिती व वनस्पतिशास्त्राची पुस्तके स्वतःच अभ्यासली. १७९९ मध्ये ते येना विद्यापीठात दाखल झाले. तेथे भावाला उसने दिलेले पैसे परत न आल्याने ते कर्जबाजारी झाले आणि विद्यापीठाच्या कोठडीत त्यांना नऊ आठवडे काढावे लागले. १८०१ मध्ये पदवी न घेताच ते घरी परतले. पुढच्याच वर्षी वडिलांचे निधन झाले.

यानंतरच्या काही वर्षांत त्यांनी भूमापन, हिशेबनिसी आणि जमीनदारांच्या मालमत्तेची देखरेख अशी निरनिराळी कामे केली. वास्तुविशारद होण्याच्या विचाराने १८०५ मध्ये ते फ्रँकफुर्टला गेले. तेथील आदर्श शाळेचे मुख्याध्यापक ग्रुनर यांनी त्यांना शिक्षक होण्याचा आग्रह केला. वर्गात उभे राहिल्यावर आपण इतकी वर्षे ज्याच्या शोधात होतो ते काम हेच, अशी त्यांची खात्री पटली.

पेस्टालॉझी यांचा प्रभाव

ग्रुनर हे स्विस शिक्षणतज्ज्ञ योहान हाइनरिश पेस्टालॉझी यांचे अनुयायी होते. फ्रोबेल यांनी १८०५ मध्येच स्वित्झर्लंडमधील इव्हर्दो येथे जाऊन पेस्टालॉझींची शाळा पाहिली. पुढे ते फ्रँकफुर्टच्या फोन होल्त्सहाउझेन घराण्यातील मुलांचे खासगी शिक्षक झाले आणि १८०८ ते १८१० या काळात या विद्यार्थ्यांसह इव्हर्दो येथे राहिले.

पाठांतराऐवजी प्रत्यक्ष वस्तूंच्या निरीक्षणावर भर आणि बालकाच्या संगोपनात आईचे स्थान या दोन गोष्टी त्यांनी पेस्टालॉझींकडून घेतल्या. मात्र एका बाबतीत त्यांचे समाधान झाले नाही. पेस्टालॉझींच्या शाळेतील विषय एकमेकांशी जोडलेले नाहीत, असे त्यांना वाटले. सृष्टीतील सर्व वस्तूंमागे एकच सूत्र आहे आणि शिक्षणाने मुलाला त्या ऐक्याची जाणीव करून द्यावी, हा विचार त्यांच्या मनात येथूनच दृढ होत गेला.

स्फटिकशास्त्र आणि युद्ध

१८११ मध्ये त्यांनी ग्योटिंगेन आणि १८१२ मध्ये बर्लिन येथे पुन्हा विद्यापीठीय शिक्षण सुरू केले. बर्लिनमध्ये ते स्फटिकशास्त्रज्ञ क्रिस्टियान झामुएल वाइस यांचे विद्यार्थी होते. स्फटिक आतील नियमानुसार बाहेर वाढत जातो आणि अनेक आकार एका मूळ रचनेतून निघतात, या गोष्टीने ते भारावले. घन, दंडगोल, त्रिकोण या आकारांचे त्यांच्या शैक्षणिक साधनांतील स्थान या अभ्यासाशी जोडलेले आहे.

१८१३ मध्ये नेपोलियनविरुद्धच्या युद्धात ते ल्युत्सोच्या स्वयंसेवक दलात दाखल झाले. लढाईत भाग घेण्याचा प्रसंग त्यांच्यावर फारसा आला नाही. पण विल्हेल्म मिडेनडॉर्फ आणि हाइनरिश लांगेथाल हे ईश्वरविद्येचे दोन विद्यार्थी त्यांना तेथे भेटले. हे दोघे त्यांचे आजन्म सहकारी झाले. युद्धानंतर १८१४ मध्ये फ्रोबेल बर्लिनच्या खनिजसंग्रहालयात वाइस यांचे साहाय्यक म्हणून रुजू झाले.

ग्रीसहाइम आणि काइलहाउ

थोरले बंधू क्रिस्टोफ हे ग्रीसहाइम येथे धर्मोपदेशक होते. १८१३ मध्ये आजारी सैनिकांची शुश्रूषा करताना विषमज्वरासारख्या साथीच्या तापाने त्यांचे निधन झाले. त्यांच्या पोरक्या मुलांच्या शिक्षणाची जबाबदारी घेण्यासाठी फ्रोबेल यांनी संग्रहालयातील स्थिर नोकरी सोडली आणि १३ नोव्हेंबर १८१६ रोजी ग्रीसहाइम येथे शाळा काढली. शाळेचे नाव भारदस्त होते – सार्वत्रिक जर्मन शिक्षणसंस्था. पण विद्यार्थी पाचच, आणि पाचही त्यांचे पुतणे. क्रिस्टोफ यांची तीन मुले यूलियुस, कार्ल आणि टेओडोर, तर दुसरे बंधू क्रिस्टियान यांची दोन मुले त्यांत होती.

१८१७ मध्ये शाळा काइलहाउ या खेड्यात हलवण्यात आली. मिडेनडॉर्फ आणि लांगेथाल तेथे येऊन मिळाले. १८१८ मध्ये फ्रोबेल यांचा विवाह बर्लिनच्या विल्हेल्मिने हॉफमाइस्टर यांच्याशी झाला. बंधू क्रिस्टियान यांनी आपली मिळकत शाळेसाठी खर्च केली. अभ्यासाबरोबर शेतीकाम, पदभ्रमण, बांधकाम आणि नाट्यप्रयोग हे तेथील शिक्षणाचे भाग होते. विद्यार्थिसंख्या साठच्या आसपास पोहोचली.

१८१९ नंतर जर्मन राज्यांत उदारमतवादी विचारांवर कडक पाळत सुरू झाली होती. काइलहाउ येथे राज्यविरोधी विचार शिकवले जातात, असा संशय प्रशियाने व्यक्त केला. स्थानिक शासनाने नेमलेल्या निरीक्षकाने शाळेची प्रशंसा करणारा अहवाल दिला. तरीही पालक बिथरले आणि दशकाच्या अखेरीस शाळेत पाच-सहाच विद्यार्थी उरले. याच काळात, १८२६ मध्ये, फ्रोबेल यांनी मनुष्याचे शिक्षण हा आपला प्रमुख तात्त्विक ग्रंथ स्वतःच प्रसिद्ध केला. पुढे योहानेस बारोप यांच्या व्यवस्थापनाखाली शाळा सावरली. ती आजही चालू आहे.

स्वित्झर्लंडमधील कार्य

१८३१ मध्ये फ्रोबेल स्वित्झर्लंडला गेले. वार्टेनझे येथील वाड्यात आणि नंतर विलिसाउ येथे त्यांनी शाळा चालवल्या. परंतु परप्रांतीय, परपंथीय शिक्षक म्हणून कॅथलिक धर्मगुरूंचा त्यांना विरोध झाला. १८३५ मध्ये बर्न शासनाने बुर्गडॉर्फ येथील अनाथालय त्यांच्याकडे सोपवले.

तेथे येणारी मुले लहान होती. त्यांच्याकडे पाहताना फ्रोबेल यांच्या लक्षात आले की, शाळेत येईपर्यंत मुलाच्या स्वभावाची आणि आकलनाची बरीचशी घडण झालेली असते. शाळेने कितीही प्रयत्न केले तरी आधीची हानी पूर्णपणे भरून निघत नाही. तोपर्यंत ते मुख्यतः मोठ्या मुलांचे शिक्षक होते; त्यानंतर त्यांनी आपले लक्ष शालापूर्व वयावर केंद्रित केले. पत्नीच्या आजारपणामुळे १८३६ मध्ये त्यांनी स्वित्झर्लंड सोडले.

किंडरगार्टनची स्थापना

१८३७ मध्ये काइलहाउजवळील बाड ब्लांकेनबुर्ग येथे त्यांनी लहान मुलांच्या कृतिशील वृत्तीच्या जोपासनेसाठी संस्था सुरू केली आणि खेळसाधने तयार करून विकण्यास प्रारंभ केला. १८३९ मध्ये पत्नी विल्हेल्मिने यांचे निधन झाले.

त्या काळी युरोपात लहान मुलांना सांभाळणाऱ्या शाळा होत्या. पण त्यांचा उद्देश मुख्यतः कामकरी आयांची मुले दिवसभर सुरक्षित ठेवणे आणि त्यांना शिस्त लावणे हा असे. आपली संस्था यापेक्षा वेगळी असल्याने तिला वेगळे नाव हवे, असा विचार फ्रोबेल करीत होते. बारोप यांच्या आठवणीनुसार, काइलहाउहून ब्लांकेनबुर्गला डोंगरवाटेने पायी जाताना खालचे खोरे दृष्टीस पडताच त्यांना किंडरगार्टन, म्हणजे मुलांची बाग, हे नाव सुचले.

२८ जून १८४० रोजी ब्लांकेनबुर्गच्या नगरगृहात किंडरगार्टनची औपचारिक स्थापना झाली. जर्मन स्त्रियांनी प्रत्येकी दहा थालरचे भाग घेऊन ही संस्था राष्ट्रीय कार्य म्हणून उभी करावी, अशी त्यांची योजना होती. भागांना अपेक्षित प्रतिसाद मिळाला नाही आणि १८४४ मध्ये पैशाअभावी ब्लांकेनबुर्गचे किंडरगार्टन बंद पडले.

या नावातील बाग केवळ रूपक नव्हती. फ्रोबेल यांच्या आराखड्यात प्रत्येक मुलासाठी एक छोटा वाफा आणि सर्वांसाठी सामाईक वाफे होते. आपल्या वाफ्यात मुलाने हवे ते लावावे आणि दुर्लक्षाचे फळही स्वतःच अनुभवावे. सामाईक वाफ्याची निगा मात्र सर्वांनी मिळून राखावी, अशी ही रचना होती.

देणग्या आणि व्यवसाय

फ्रोबेल यांनी तयार केलेल्या खेळसाधनांना देणग्या असे म्हटले जाते. त्यांचा क्रम वयानुसार आणि सोप्याकडून अवघडाकडे जाणारा आहे.

पहिली देणगी म्हणजे रंगीत लोकरीने विणलेले सहा मऊ चेंडू. तान्ह्या मुलापुढे आई दोरीला बांधलेला चेंडू झुलवते, लपवते आणि पुन्हा दाखवते. मुठीत धरणे, नजरेने मागोवा घेणे, वस्तू दिसेनाशी झाली तरी ती असतेच हे समजणे आणि वर-खाली, येथे-तेथे या शब्दांची ओळख एवढ्या गोष्टी या एका खेळात साधतात.

दुसऱ्या देणगीत लाकडी गोल, दंडगोल आणि घन असतात. गोल घरंगळतो, घन स्थिर बसतो आणि दंडगोल दोन्ही करतो. विरोध आणि त्यांना जोडणारा दुवा मुलाला हाताळून कळतो. तिसरी देणगी म्हणजे आठ लहान घनांत विभागलेला लाकडी घन. चौथीत त्याच आकाराच्या घनाच्या आठ विटा होतात. पाचव्या देणगीतील मोठा घन २७ घनांचा असून त्यांतील तीन घन कर्णरेषेवर अर्धे आणि तीन चतकोर कापलेले असतात. सहाव्या देणगीत विटांचे अधिक प्रकार येतात. यांशिवाय पातळ लाकडी फरशा, काड्या, कड्या आणि ठिपके दर्शवणारे बी किंवा खडे यांचाही उपयोग केला जातो. अशा रीतीने साधने घनाकडून पृष्ठाकडे, पृष्ठाकडून रेषेकडे आणि रेषेकडून बिंदूकडे जातात.

या तुकड्यांपासून मुले तीन प्रकारच्या रचना करतात. खुर्ची, पूल, घर अशा व्यवहारातील वस्तू हा पहिला प्रकार होय. मोजणे, वाटणे, अर्धे-पाव समजणे या ज्ञानरचना आणि रांगोळीसारख्या सममित सौंदर्यरचना हे इतर दोन प्रकार आहेत. एक रचना मोडून दुसरी न करता आधीचीच हळूहळू बदलत न्यावी आणि एकही तुकडा वगळू नये, असा संकेत होता.

देणग्यांमधील तुकडे खेळ संपल्यावर पूर्ववत पेटीत जातात. याउलट ज्या कामांत साहित्याचे रूप कायमचे बदलते त्यांना व्यवसाय म्हणतात. कागदाच्या घड्या घालणे, कागदी पट्ट्यांचे विणकाम, टोचकाम, शिवण, मातीकाम, तसेच भिजवलेल्या वाटाण्यांत काड्या खोचून सांगाडे करणे ही त्यांची उदाहरणे होत. आजच्या भाषेत ज्याला सूक्ष्म स्नायूंचा विकास आणि हात-डोळा समन्वय म्हणतात, तो या कामांतून घडतो.

माता-गीते

१८४४ मध्ये फ्रोबेल यांनी आई आणि तान्हे मूल यांच्यासाठी गीते व बोटांच्या खेळांचा सचित्र संग्रह प्रसिद्ध केला. चित्रे फ्रीडरिक उंगर यांची आणि संगीत रोबेर्ट कोल यांचे होते. खेड्यापाड्यांतील आया मुलांशी जे सहजपणे खेळतात, त्यामागे किती शिक्षण दडलेले आहे, हे मातांना दाखवून देणे हा या संग्रहाचा हेतू होता. मराठी घरांतील चिऊ-काऊच्या घासासारखे किंवा बोटांवर मोजत गुदगुल्या करण्यासारखे खेळ याच जातीचे आहेत.

शिक्षिकांचे प्रशिक्षण

प्रारंभी फ्रोबेल पुरुष शिक्षकांना प्रशिक्षण देत. पुढे मात्र हे कार्य स्त्रियांनी शास्त्रशुद्ध प्रशिक्षण घेऊन करावे, असा आग्रह त्यांनी धरला. ऑगस्ट १८४८ मध्ये रुडोल्श्टाट येथे भरलेल्या शिक्षकांच्या सभेत त्यांनी मुलांचे खेळ प्रत्यक्ष दाखवले. किंडरगार्टनला सार्वजनिक शिक्षणव्यवस्थेचा भाग मानावे, अशी मागणी या सभेतून पुढे आली. अनेक पुरुष शिक्षकांनी त्यांची थट्टा केली. त्यांना खरा पाठिंबा मिळाला तो स्त्रियांकडून.

१८४९ मध्ये ते बाड लीबेनश्टाइन येथे आले. गावातील मुलांसोबत टेकडीवर नाचणारा हा वृद्ध गृहस्थ तेथील लोकांच्या टवाळीचा विषय होता. तेथेच बेर्टा फोन मारेनहोल्त्स-ब्युलो या सरदार घराण्यातील विदुषीशी त्यांची ओळख झाली. शिक्षणतज्ज्ञ आडोल्फ डीस्टरवेग यांना त्यांनीच फ्रोबेल यांच्याकडे आणले. १८५० मध्ये जवळच्या मारीएनथाल येथील वाड्यात प्रशिक्षणवर्ग सुरू झाला. जून १८५१ मध्ये फ्रोबेल यांनी आपल्या विद्यार्थिनी व सहकारी लुईझे लेविन यांच्याशी विवाह केला.

प्रशियातील बंदी

७ ऑगस्ट १८५१ रोजी प्रशियाचे शिक्षणमंत्री कार्ल ओटो फोन राउमर यांनी राज्यातील किंडरगार्टनांवर बंदी घातली. किंडरगार्टन हा मुलांना निरीश्वरवादाकडे नेणाऱ्या समाजवादी व्यवस्थेचा भाग आहे, असे कारण देण्यात आले. आदेशात आधार म्हणून घेतलेली पुस्तिका फ्रोबेल यांची नसून त्यांचे पुतणे कार्ल फ्रोबेल यांची होती. कार्ल हे हँबुर्ग येथील स्त्रियांच्या उच्च शिक्षणसंस्थेचे प्रमुख होते. दुसरे पुतणे यूलियुस यांना १८४८ च्या क्रांतीत व्हिएन्ना येथे देहदंडाची शिक्षा होऊन नंतर माफी मिळाली होती. ज्या पोरक्या पुतण्यांसाठी फ्रोबेल यांनी पस्तीस वर्षांपूर्वी नोकरी सोडली होती, त्यांतीलच हे दोघे होते.

नामसाधर्म्यामुळे झालेली चूक फ्रोबेल यांनी शासनाच्या निदर्शनास आणली आणि राजाकडेही अर्ज केला. मंत्र्यांनी आदेश मागे घेतला नाही. गैरसमज हे एकच कारण नव्हते, असे अभ्यासकांचे मत आहे. क्रांतीनंतरच्या प्रतिगामी वातावरणात चर्चच्या नियंत्रणाबाहेरचे बालशिक्षण आणि घराबाहेर स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्या स्त्रिया या दोन्ही गोष्टी शासनाला नकोशा होत्या.

मृत्यू

बंदीनंतरही मारीएनथाल येथील वर्ग चालू राहिले. कारण ते माइनिंगेनच्या राज्यात होते. मात्र फ्रोबेल यांची प्रकृती खालावली. २१ जून १८५२ रोजी वयाच्या सत्तराव्या वर्षी तेथेच त्यांचे निधन झाले. श्वाइना येथील त्यांच्या समाधीवर घन, दंडगोल आणि गोल एकावर एक रचलेले आहेत. दुसऱ्या देणगीतील हे आकार मिडेनडॉर्फ यांनी स्मारकासाठी निवडले. प्रशियातील बंदी १८६० मध्ये, फ्रोबेल यांच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी, उठवण्यात आली.

प्रसार

बंदीमुळे आणि क्रांतीनंतरच्या स्थलांतरामुळे किंडरगार्टन जर्मनीबाहेर वेगाने पसरले. हँबुर्ग येथे ही पद्धती शिकलेल्या मार्गारेटे शुर्झ यांनी १८५६ मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात वॉटरटाउन येथे जर्मनभाषक मुलांसाठी किंडरगार्टन सुरू केले. १८६० मध्ये एलिझाबेथ पीबडी यांनी बॉस्टनमध्ये इंग्रजी माध्यमाचे किंडरगार्टन काढले. १८७३ मध्ये सेंट लुइस येथे सुझन ब्लो यांनी सार्वजनिक शाळेत किंडरगार्टनचा वर्ग सुरू केला. जपानमध्ये १८७६ मध्ये टोकियो येथे मुलींच्या अध्यापक विद्यालयाला जोडून किंडरगार्टन निघाले. युरोपात मारेनहोल्त्स-ब्युलो यांनी अनेक देशांत व्याख्याने देऊन प्रचार केला. लुईझे फ्रोबेल यांनी पुढील अनेक वर्षे हँबुर्गमध्ये शिक्षिका घडवल्या. त्यांचे निधन १९०० मध्ये झाले.

अमेरिकन वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइट यांच्या आईने त्यांच्यासाठी फ्रोबेल देणग्या आणल्या होत्या. त्या लाकडी ठोकळ्यांचा आपल्या वास्तुदृष्टीवर परिणाम झाल्याचे राइट यांनी आत्मचरित्रात सांगितले आहे.

टीका

फ्रोबेल यांची लेखनशैली क्लिष्ट आहे. चेंडू हे विश्वाच्या ऐक्याचे प्रतीक आहे आणि मुलाला ते अंतःप्रेरणेने जाणवते, यांसारखी त्यांची प्रतीकवादी मते मानसशास्त्राच्या कसोटीवर टिकली नाहीत. अनुयायांनी देणग्यांचा क्रम आणि शिक्षिकेच्या सूचनांप्रमाणे ठोकळे मांडण्याची कवायत इतकी काटेकोर केली की, मुक्त खेळाचा मूळ हेतूच मागे पडला. अमेरिकेत जॉन ड्यूई आणि विल्यम किलपॅट्रिक यांनी या बाजूवर टीका केली. मारिया माँटेसरी यांनीही स्वतंत्र साधने आणि वेगळी पद्धती मांडली. तथापि, लहान मुलाच्या हाती विचारपूर्वक घडवलेली वस्तू द्यावी आणि त्याच्या कृतीतून शिक्षण घडू द्यावे, हे सूत्र टीकाकारांनीही स्वीकारले.

भारताशी संबंध

भारतातील बालशिक्षणाच्या चळवळीवर फ्रोबेल यांच्यापेक्षा माँटेसरी यांचा प्रभाव अधिक थेट आहे. गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगर येथे बालमंदिर सुरू केले. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी पुढे १९४५ मध्ये तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य हाती घेतले आणि शंख-शिंपले, बिया, खडे अशा परिसरातील वस्तूंपासून शैक्षणिक साधने बनवली. मराठीत रूढ झालेल्या बालवाडी या शब्दातील वाडीचा एक अर्थ झाडांची बाग असाही आहे. त्या दृष्टीने तो फ्रोबेल यांच्या किंडरगार्टन या शब्दाच्या अगदी जवळ जातो.